मूलपेशी कोणाच्या आणि कोठल्या?
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या वैद्यकीय सहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ हे शब्द आता वारंवार दिसतात. म्हणून या विषयावर बोलावे, अशी आज्ञा मला झाली. भारतातील असे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले.

प्रौढांच्या काही रक्तकर्करोगांत औषधांनी रोग दबतो, पण उलटण्याची भीती राहते. अशा वेळी तीव्र औषधांनी रुग्णाची अस्थिमज्जा रिकामी करून दात्याच्या मूलपेशी शिरेतून दिल्या जातात. या पेशी नवे रक्त घडवतात आणि उरलेल्या कर्करोगपेशींचाही नाश करतात. मूलपेशी मिळण्याची स्थाने तीन : अस्थिमज्जा, दात्याचे वाहते रक्त आणि नवजात बालकाचे नाळरक्त.

मज्जा भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने काढतात. रक्तातील पेशींसाठी दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन यंत्राने पेशी वेगळ्या करतात. दुसरी रीत सोयीची, म्हणून तीच अधिक रूढ आहे. पण सोयीचे तेच उत्तम, असे मात्र नाही. नात्याबाहेरच्या दात्यांकडून पेशी घेतलेल्या ५५१ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी हयात असलेल्यांच्या प्रमाणात खरा फरक आढळला नाही. परंतु दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच त्वचेवर, डोळ्यांवर, यकृतावर हल्ला करण्याचा दीर्घकालीन विकार रक्तपेशी घेणाऱ्यांत ५३ टक्के, तर मज्जा घेणाऱ्यांत ४१ टक्के होता. उलट, पेशी न रुजण्याचे प्रमाण मज्जेत ९ टक्के आणि रक्तपेशींत ३ टक्के. रुग्ण जंतुसंसर्गाने आधीच खचलेला असेल तर मी रक्तपेशींकडे झुकतो. अन्यथा मज्जेचा पर्याय डॉक्टरांना अवश्य विचारावा.

आता नाळरक्त. १९८८ साली पॅरिसमध्ये एका बालकावर त्याचा पहिला प्रयोग यशस्वी झाला. लहान मुलाला एका पिशवीतील पेशी पुरतात. साठ-सत्तर किलोच्या माणसाला त्या तोकड्या पडतात. दोन पिशव्या एकत्र देऊनही प्रतिकारशक्ती सावकाश येते. ३६८ रुग्णांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन नाळरक्तांच्या गटातील ४६ टक्के, तर अर्धे जुळणाऱ्या नातेवाइकाची मज्जा मिळालेले ५७ टक्के रुग्ण दोन वर्षांनी हयात होते. नातवाचे नाळरक्त खासगी बँकेत ठेवले की आजोबांचीही सोय झाली, असे समजून आपल्यातील कित्येकांनी मोठी रक्कम भरली आहे. त्यांना वाईट वाटेल, पण हे सांगणे भाग आहे. आजार नसताना अशी खासगी साठवण करण्याची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही करत नाही.

सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आई, वडील, मुलगा, मुलगी मात्र निम्मे जुळतातच. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देण्याची पद्धत आल्यापासून असे निम्मे जुळणारे दातेही चालतात. दाता नाही म्हणून हताश होण्याचे दिवस बरेचसे सरले.

तरी अडते ते माणसापाशी. मज्जा म्हणजे पाठीचा कणा, असा समज अजून आहे. तो चुकीचा आहे. कण्याला हातही लागत नाही आणि काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. माझ्या एका रुग्णाची विवाहित बहीण पूर्ण जुळली होती. ती तयार होती. सासरची मंडळी विचार करत राहिली. त्या अवधीत रोग उलटला. भाऊ गेला.

होकार देऊन मागाहून माघार घेणे त्याहून भयंकर. रुग्णाची मज्जा एकदा रिकामी केली की परतीची वाट नसते. नकार द्यायचा असेल तर तो आधी द्यावा. त्यात कमीपणा नाही. म्हणूनच आम्ही दात्याला प्रथम एकट्याला खोलीत बोलावतो, घरच्यांना बाहेर थांबवतो आणि मग विचारतो.

प्रश्नोत्तरांसाठी मंडळाने वेळ राखून ठेवला आहे. आपण संकोच न करता विचारावे.