गती देताच मोटार एका अंगास का ओढते?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



ज्ञातीच्या व्यासपीठावर शिक्षण, शिष्यवृत्त्या, विवाह यांची चर्चा व्हावयाची; तेथे मोटारीचे दुखणे कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आज आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांच्या दारी मोटार आहे. सुट्टीत वृद्ध आईवडील व मुलेबाळे तीत बसवून आपण गावी जातो. दुपदरी रस्त्यावर मालमोटारीस मागे टाकण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबावा आणि नेमक्या त्याच क्षणी गाडीने त्या मालमोटारीकडेच अंग टाकावे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. म्हणून हा विषय घेतला.

गाडी एका बाजूस ओढते असे म्हणताच बहुधा एकच उत्तर मिळते: व्हील अलाइनमेंट करून घ्या. ते केले जाते, पैसे दिले जातात, आणि गाडी पुन्हा ओढतेच. याचे कारण सरळ आहे. अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी स्थिर उभी असते. त्या वेळी इंजिनाचा जोर चाकांवर नसतो. जो दोष केवळ जोर आला असताना प्रकट होतो, तो उभ्या गाडीच्या कोनांत कसा दिसावा? निजलेल्या माणसाचे लंगडणे वैद्यास दिसत नाही, तसेच हे. तेव्हा ‘काय बिघडले?’ या प्रश्नापूर्वी ‘केव्हा ओढते?’ हा प्रश्न विचारावयास हवा. माझ्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे.

प्रथम चाकांत हवा भरून घ्यावी. गाडी थंड असताना, चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेल्या मापाप्रमाणे ती दोन्ही बाजूंस सारखी असावी. मग सपाट, सरळ व निर्मनुष्य रस्त्यावर, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, गाडी चार प्रकारे पाहावी: एकसारख्या वेगाने जाताना, ॲक्सिलरेटर दाबताना, तो सोडताना आणि ब्रेक लावताना. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मध्ये उंच व कडेस उतरते असतात. आपण डावीकडून चालतो. त्यामुळे डावीकडे किंचित कल होणे हा रस्त्याचा गुण, गाडीचा दोष नव्हे.

एकसारख्या वेगातही ओढत असेल, तर टायर, अलाइनमेंट किंवा चाकास चिकटून राहिलेला ब्रेक यांकडे पाहावे. चिकटलेल्या ब्रेकचे चाक प्रवासानंतर इतरांहून अधिक तापलेले आढळते. केवळ ब्रेक लावताना ओढत असेल, तर संशय प्रथम ब्रेकवर घ्यावा. परंतु केवळ गती देताना ओढत असेल, तर दोष जोराच्या वाटेवर शोधावयाचा.

पूर्वीच्या ॲम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत जोर मागील चाकांवर जाई. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून पुढील चाकांवर जोर देणारी गाडी आपल्याकडे घरोघर झाली. आता जी चाके गाडीस ओढतात, तीच तिला वळवितातही. जोर आणि दिशा एकाच ठिकाणी आल्याने, जोरातील विषमता थेट स्टिअरिंगवर उमटते.

डिफरन्शियल दोन्ही चाकांस जवळजवळ सारखाच पीळ देते. अन्याय वाटणीत नसतो. विषमता असते ती वाटेत. बैल दोन्ही सारखे असले, तरी एकाची दोरी सैल असेल तर गाडी तिरपी जातेच. मोटारीत ही वाट तीन ठिकाणी बिघडते.

पहिले ठिकाण टायर. एक नवा व एक झिजलेला, किंवा दोन निराळ्या बनावटीचे टायर पुढे असतील, तर त्यांची पकड व व्यास सारखे राहत नाहीत. पुढील दोन चाकांची अदलाबदल करून पाहावी. ओढ दिशा बदलेल, तर अपराधी टायरच होय. मात्र फिरण्याची दिशा बाणाने दाखविलेले टायर असे बदलू नयेत.

दुसरे ठिकाण सांधे. लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, सबफ्रेमचे बोल्ट यांपैकी काही सैल झाले, की जोर येताच ते चाक पुढे सरते आणि जोर जाताच मागे येते. म्हणून ॲक्सिलरेटर दाबताना एका बाजूस व सोडताच दुसऱ्या बाजूस गाडी जाऊ लागली, तर सांधा सैल झाल्याची ती मोठी खूण आहे. अशी गाडी महामार्गावर नेऊ नये. मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत हाच दोष मागील ॲक्सलच्या बुशांत किंवा पाट्यांच्या यू-बोल्टमध्ये असतो. ॲक्सल तिरका होतो आणि नावेच्या सुकाणूप्रमाणे गाडीस मागून वळवितो.

तिसरे ठिकाण इंजिनाचे माउंटिंग. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्स एका बाजूस असल्याने चाकांकडे जाणारे दोन ॲक्सल कमीअधिक लांबीचे व निराळ्या कोनांत असतात. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जोरात गती दिली असता, काही गाड्या जन्मतःच किंचित एका अंगास झुकतात. विजेच्या मोटारीत पूर्ण पीळ प्रारंभापासूनच मिळतो. तेथे हे अधिक जाणवू शकते. पण पूर्वी नसलेली ओढ नव्याने आली, किंवा होती ती वाढली, तर तो स्वभाव नव्हे, रोग होय. माउंटिंगचे रबर फाटले की इंजिन कलंडते आणि ते कोन अधिकच बिघडतात.

हे सर्व सांगितले ते प्रत्येकाने स्वतः गाडीखाली शिरावे म्हणून नव्हे. जॅकवर उभ्या गाडीखाली तर कोणीही कदापि शिरू नये. परंतु गॅरेजमध्ये जाऊन ‘गाडी ओढते’ एवढेच न म्हणता, ‘दुसऱ्या गिअरमध्ये गती देताना उजवीकडे ओढते, सोडताच डावीकडे जाते, ब्रेक लावताना सरळ राहते,’ असे आपण सांगू शकलो, तर चांगल्या मिस्त्रीचे अर्धे काम झाले. त्यास आपल्याबरोबर बसवून गाडी चालवून दाखवावी, आणि सांधे दुरुस्त झाल्यावरच शेवटी अलाइनमेंट करावे. आधी केलेले व्यर्थ जाते.

घरातील तरुणांना व वाहन चालविणाऱ्या भगिनींना ही चार निरीक्षणे अवश्य शिकवावीत.