कायद्याला हिशेबाची तारीख हवी

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारला एक रुपया खर्च करावयाचा असला, तरी त्याला विधिमंडळाची अनुमती घ्यावी लागते. अनुदानाच्या मागण्या मांडाव्या लागतात, विरोधी सदस्य कपातसूचना देऊन खात्याला धारेवर धरू शकतो, वर्ष सरल्यावर महालेखापरीक्षक हिशेब तपासतो आणि लोकलेखा समिती सचिवांना समोर बोलावून जाब विचारते. ही व्यवस्था सदोष असेल, अनेकदा ती केवळ उपचार म्हणून उरते, हेही खरे. पण तिच्यामागील तत्त्व निर्विवाद आहे : जे सभागृह अधिकार देते, त्याने नेमलेल्या वेळी त्याचा हिशेब मागितला पाहिजे. मात्र याच सभागृहाने सरकारला माणसाला अटक करण्याचा, संघटनेवर बंदी घालण्याचा, तिची कचेरी आणि ठेवी जप्त करण्याचा अधिकार दिला, तर त्याचा हिशेब कोण मागतो? आणि केव्हा? रुपयासाठी लोकलेखा समिती आहे; नागरिकाच्या स्वातंत्र्यासाठी तशी समिती नाही. पोलिसी कायद्यांच्या संसदीय छाननीचा खरा प्रश्न येथे सुरू होतो.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाने हा प्रश्न आपल्या दारात आणून ठेवला आहे. जुलै २०२४ मध्ये ते प्रथम विधानसभेत मांडले गेले आणि तसेच राहिले. नव्या विधानसभेपुढे डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात ते पुन्हा आले आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे सोपवले गेले. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे हे समितीचे अध्यक्ष होते. बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती समितीकडे आल्या. जुलै २०२५ मध्ये अहवाल सादर झाला. १० जुलैला विधानसभेने आवाजी मतदानाने व ११ जुलैला विधान परिषदेने विधेयक मंजूर केले. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला.

समितीने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिने मुख्यतः तीन बदल केले. विधेयकाच्या उद्देशातील ‘व्यक्ती आणि संघटना’ हे मोकाट शब्द जाऊन कडव्या डाव्या विचारसरणीच्या अथवा तत्सम संघटना असा उल्लेख आला. तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षकाच्या हाती गेला. आणि बंदीच्या निर्णयाची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली. बारा हजार हरकतींचे एवढे फळ आले. परंतु अशा कायद्याला विचारावयाचे तीन प्रश्न असतात : गुन्हा कशाला म्हटले आहे? निर्णयावर देखरेख कोणाची? आणि हिशेब कधी द्यावयाचा? पहिला प्रश्न समितीने जवळजवळ स्पर्शिलाच नाही, दुसऱ्याचे उत्तर अर्धवट दिले आणि तिसरा विचारलाच नाही.

पहिला प्रश्न व्याख्येचा. ‘बेकायदेशीर कृत्य’ या संज्ञेत हिंसा आणि घातपात आहेतच. त्यांना कोणाचीच हरकत नाही. पण सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे ‘कल’ असणारे कृत्यही त्यात आहे, आणि प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तसा उपदेश करणे हेही आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेच्या सदस्याला तीन वर्षांपर्यंत, तर बेकायदेशीर कृत्य करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद.

या शब्दांचे वजन रत्नागिरीकरांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९३० साली शिरोड्याच्या समुद्रकाठी सत्याग्रही मीठ उचलावयास गेले, तेव्हा ते प्रस्थापित कायद्याच्या अवज्ञेचाच उपदेश करीत होते; शिरोडा तेव्हा याच जिल्ह्यात होते. आणि इतके मागे तरी कशाला जावयाचे? जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाला माडबन, साखरी नाटे या गावांनी विरोध केला, तेव्हा जमावबंदीचे आदेश निघाले, कार्यकर्त्यांना जिल्ह्यात येण्यास मनाई झाली, आणि एप्रिल २०११ मध्ये नाटे येथील गोळीबारात एका मच्छीमाराचा बळी गेला. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा पुन्हा जमावबंदी आली. तिला न जुमानता सड्यावर बसलेल्या स्त्रियांना पोलिसांनी गाडीत घालून नेले. जमावबंदी मोडून बसा, असे सांगणारी ग्रामसमिती ‘अवज्ञेचा उपदेश’ करते की नाही? ‘तत्सम संघटना’ या शब्दांत ती बसते की नाही? याचे उत्तर विधेयकाच्या मजकुरात नाही. ते त्या वेळच्या गृहखात्याच्या मर्जीत आहे. जेथे उत्तर मर्जीत असते, तेथे विधिमंडळाने आपले काम पुरे केलेले नसते.

व्याख्येतला एक शब्द किती दूर जातो, याचा धडा याच रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाच्या चरित्रात आहे. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने कलमच दुरुस्त करून ‘अप्रीती’त निष्ठेचा अभाव आणि वैराच्या सर्व भावना येतात, असे लिहून टाकले. ज्या विधिमंडळात सरकारचे बहुमत बांधलेलेच होते, तेथे ही दुरुस्ती अडणार तरी कशी? १९०८ साली त्या विस्तारलेल्या कलमाखाली टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. त्या सभागृहाला लोकांनी निवडलेले नव्हते. आजचे सभागृह लोकांनी निवडलेले आहे. म्हणूनच त्याच्या मौनाचा दोष अधिक मोठा.

यावर सरकारचे उत्तर ठरलेले असते : हा कायदा आंदोलकांविरुद्ध वापरला जाणार नाही. मुख्यमंत्र्यांनी गैरवापर होणार नाही, असे सांगितले; त्यांच्या हेतूविषयी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु आश्वासन देणारा मंत्री जातो आणि कलम राहते. न्यायालय मंत्र्याचे भाषण घेऊन बसत नाही, कलमाचे शब्द वाचते. १९७१ साली ‘मिसा’ कायदा झाला, त्यावेळीही राजकीय विरोधकांविरुद्ध तो वापरला जाणार नाही, असेच सांगितले गेले होते. जून १९७५ मध्ये राजापूरचे खासदार मधु दंडवते पक्षांतरबंदीच्या विधेयकावरील संयुक्त समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला गेले होते. आणीबाणी पुकारली गेली आणि वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्र यांच्यासह दंडवत्यांना तेथेच स्थानबद्ध करण्यात आले. विधेयकाची छाननी करावयास गेलेला खासदार संसदेनेच केलेल्या कायद्याने तुरुंगात गेला! शहा आयोगाच्या अहवालानुसार आणीबाणीत मिसाखाली जवळजवळ ३५ हजार माणसे स्थानबद्ध होती. त्यांच्यापैकी एकालाही १९७१ च्या आश्वासनाचा उपयोग झाला नाही.

दुसरा प्रश्न देखरेखीचा. सल्लागार मंडळाचा अध्यक्ष आता उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असेल, आणि एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश सदस्य असेल. ही सुधारणा आहे. पण तिसरा सदस्य उच्च न्यायालयातील सरकारी वकील. जो न्यायालयात सरकारची बाजू मांडतो, तोच मंडळात बसून सरकारच्या आदेशाची तपासणी करणार! मात्र या बाबतीत बोट दाखवताना आपल्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने प्रतिबंधक स्थानबद्धतेसाठीची सल्लागार मंडळे उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमावीत, असे ठरवले. ते कलम अमलात आणणारी अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. त्यानंतर दिल्लीत सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. पहिल्या जनता सरकारात तर समाजवादी मंत्रीही होते. संसदेने संमत केलेले स्वातंत्र्याचे कलम चार दशकांहून अधिक काळ धूळ खात पडते आणि कोणतेही सभागृह त्याविषयी अस्वस्थ होत नाही, हे संसदीय छाननीचे अपयशच आहे.

तिसरा प्रश्न हिशेबाच्या तारखेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. १९८५ चा ‘टाडा’ कायदा अत्यंत कठोर होता. पण त्याला दोन वर्षांची मुदत होती. सरकारला दर दोन वर्षांनी संसदेपुढे यावे लागे. प्रारंभी संसदेने डोळे झाकून मुदतवाढ दिली. पण आकडे साचत गेले : सुमारे ७६ हजार अटका आणि दोन टक्क्यांहूनही कमी दोषसिद्धी. १९९५ च्या आरंभी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्रे लिहून मुदतवाढ न देण्याचे आवाहन केले, आणि त्या मे महिन्यात टाडा संपला. तो रद्द करण्याचे धैर्य कोणत्याच सरकारने दाखवले नव्हते. केवळ तारीख आली म्हणून तो गेला. २००२ च्या ‘पोटा’लाही तीन वर्षांची मुदत होती. २००४ मध्ये पोटा रद्द झाल्याचा आपण आनंद मानला. पण त्याच सुमारास त्यातील अनेक तरतुदी १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात घातल्या गेल्या, आणि त्या कायद्याला मुदत नाही. कठोरपणा राहिला, तारीख मात्र पुसली गेली. महाराष्ट्राचे नवे विधेयकही असेच बिनमुदतीचे आहे.

ब्रिटनचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बाँबस्फोटांनंतर तेथील संसदेने दहशतवादविरोधी कायदा काही दिवसांतच मंजूर केला. घाई तेथेही झाली. पण कायदा तात्पुरता ठेवला गेला. ठराविक काळाने त्याला संसदेची नव्याने मान्यता घ्यावी लागे, आणि पुढे त्याच्या अंमलाचे स्वतंत्र परीक्षण करून संसदेला अहवाल देण्याची प्रथा पडली. म्हणून त्या कायद्याखाली अन्याय झाले नाहीत, असे नव्हे. पण अन्यायाची चर्चा सभागृहात करण्याची वेळ दरवर्षी येत राहिली.

कोणी म्हणेल, गडचिरोलीत माणसे मरतात आणि तुम्ही कलमांची चिकित्सा करीत बसता. या आक्षेपाला हसून बाजूला सारणे योग्य नव्हे. १ मे २०१९ रोजी जांभूरखेडा येथील स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मृत्यू पावले. ते श्रमिकांच्याच घरांतले होते. लोकशाही समाजवाद्याने बंदुकीच्या राजकारणाला सहानुभूती दाखवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु हत्या, स्फोट, खंडणी यांसाठी कठोर कायदे आधीच आहेत. मोक्का १९९९ पासून आहे, केंद्राचा कायदा २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्यानंतर काही दिवसांतच अधिक कडक झाला. नवा अधिकार मागणाऱ्याने आधीचे अधिकार कोठे अपुरे पडले, हे आकड्यांनिशी सांगावयास हवे. नवे धरण बांधण्यापूर्वी जुन्या धरणाचे पाणी कोठे मुरले, हे विचारणे म्हणजे शेतीला विरोध नव्हे.

दिल्लीतील चित्र याहून आशादायक नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. २०१९ मध्ये व्यक्तीला दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार केंद्राने घेतला, तेव्हा विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याची सूचना राज्यसभेने फेटाळली. तीन नव्या फौजदारी संहिता स्थायी समितीकडे गेल्या खऱ्या; पण डिसेंबर २०२३ मध्ये त्या सुधारित रूपात मंजूर झाल्या, तेव्हा त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित झालेले होते. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. हा बदल गरीब आरोपीच्या जामिनाशी थेट निगडित आहे. त्यावर भर सभागृहात जे प्रश्न विचारावयाचे, ते विचारणारी बाके रिकामी होती.

पण मुंबईत तर बाके रिकामी नव्हती. संयुक्त समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ सदस्य होते. तरीही तिच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका नव्हती, हे मुख्यमंत्र्यांनी सभागृहात ठासून सांगितले. विधानसभेत स्पष्ट विरोध नोंदवला तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे एकमेव आमदार विनोद निकोले यांनी. बाहेर मोर्चा आणि आत मौन, असा हा प्रकार होता. मतविभागणी मागितली असती, तर विधेयक मंजूर झालेच असते. परंतु कोणत्या आमदाराने कोणत्या बाजूला हात वर केला, हे कायमचे नोंदले गेले असते. आवाजी मतदानात आवाज राहतो, नाव राहत नाही. सरकारच्या बहुमताला दोष देणे सोपे आहे. आपल्या मित्रपक्षांच्या आळसाला दोष देणे हेही कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

मग कार्यकर्त्याने करावयाचे काय? प्रथम, तालुक्याचा हिशेब आपण स्वतः ठेवावा : जमावबंदीचा आदेश किती वेळा निघाला, किती दिवसांसाठी, कोणत्या कारणाने, तडीपारीच्या नोटिसा कोणाला आल्या आणि पुढे किती टिकल्या. हे काम माहितीच्या अधिकाराने आणि एका वहीने होते. दुसरे, त्या आकड्यांवर आपल्या आमदाराला तारांकित प्रश्न विचारावयास लावावे. तिसरे, विधेयकाच्या दुरुस्तीसाठी अशासकीय विधेयकाचा आग्रह धरावा. त्यात तीनच कलमे असली तरी पुरे : शांततामय अवज्ञा व्याख्येबाहेर काढावी, सल्लागार मंडळातून सरकारी वकील वगळावा, आणि तीन वर्षांनी सभागृहाने पुन्हा मान्यता दिली नाही, तर कायदा आपोआप संपावा, व तोवर दरवर्षी अटका, दोषसिद्धी आणि निर्दोष सुटका यांचे विवरणपत्र सभागृहापुढे ठेवावे. ते विधेयक आज मंजूर होणार नाही. पण निवडणुकीत मते मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, आपल्या आघाडीच्या उमेदवारालाही, या तीन कलमांवर त्याची सही मागता येईल.

सरकार कोणाचेही असो, ते अधिकार आनंदाने घेते आणि हिशेब नाइलाजाने देते. तो नाइलाज निर्माण करणे हे विधिमंडळाचे काम आहे. आणि विधिमंडळ ते विसरत असेल, तर त्याला आठवण करून देणे हे आपले.