आपले संकेतस्थळ आणि त्याचे पाहुणे
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संकेतस्थळास अधिक पाहुणे कसे लाभतील, या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही पडलो जुने मॅट्रिक. उभी हयात फळ्याखडूच्या संगतीत गेली. या यंत्रविद्येत आमचा अधिकार तो काय? परंतु या विषयातली एक मोठी चूक आमच्याच हातून घडली आहे. आणि चूक करणारास ती इतरांना सांगण्याचा अधिकार निश्चितच असतो. त्या अधिकाराने आम्ही येथे उभे आहोत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शिष्यवृत्तीची सूचना प्रसिद्ध करण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही ती वळणदार अक्षरांत लिहिली, सहीशिक्क्यानिशी तिचे छायाचित्र काढविले आणि ते संकेतस्थळावर चढविले. मथळा दिला, 'विद्याप्रसारार्थ द्रव्यसाहाय्य योजना'. कर्तव्य पार पडले, अशा समाधानात आम्ही होतो. मुदत टळल्यानंतर आठ दिवसांनी एक भगिनी मुलीला घेऊन आमच्या दारी आल्या. पती निवर्तलेले, शिवणकामावर संसार, आणि मुलीची परिचारिकेच्या शिक्षणासाठी निवड झालेली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हिने मोबाइलवर किती शोधलं, पण आपल्या मंडळाचं काहीच दिसलं नाही. यंदा देत नाहीत, असंच आम्हांला वाटलं." नियमाप्रमाणे आम्हांस काही करता आले नाही. फीची जुळवाजुळव वेळेत झाली नाही आणि मुलीचे ते वर्ष वाया गेले. सूचना होती, पण असून नसल्यासारखी! त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ज्ञातीतील एका अभियंता तरुणास बोलावून म्हणालो, "बाळ, हे शोधयंत्र शोधते तरी कसे, ते आज आम्हांस शिकव." त्याने सांगितले ते असे. जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ साली सर्वांसाठी खुले झाले. पुढे स्थळांचे अरण्य माजले, तेव्हा वाटाड्याची गरज पडली. १९९८ साली स्थापन झालेले गूगल हा आज सर्वांच्या परिचयाचा वाटाड्या. हे यंत्र एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जाते, तेथील मजकूर वाचते, आणि ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते तशी अवाढव्य सूची करून ठेवते. आपण शब्द विचारला की ते त्या सूचीतून उत्तर काढते. ज्या पानाकडे इतर चांगली पाने बोट दाखवितात, त्यास ते अधिक मान देते. गावात नव्या वैद्याची परीक्षा आपण अशीच करतो. चार भली माणसे त्याचे नाव घेतात काय, हे पाहतो.

आता आमची चूक ध्यानात येईल. अक्षरांचे छायाचित्र म्हणजे यंत्राच्या लेखी बहुधा बंद पाकिटातील पत्र. आपल्या जुन्या स्मरणिकांचीही हीच गत होती. त्या संगणकावर जुळविल्या होत्या खऱ्या, पण जुन्या पद्धतीच्या टंकांत. त्यांत डोळ्यांस देवनागरी दिसते. आत मात्र रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ साठविलेला असतो. यंत्र तो गोंधळच वाचते. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक आहे. त्या पद्धतीने लिहिलेले मराठी सर्व जगात मराठी म्हणूनच वाचले जाते. आपला मराठी विश्वकोश आज घरबसल्या शब्द घालून शोधता येतो, तो याच सोयीमुळे.

आणि तो आमचा मथळा! 'विद्याप्रसारार्थ द्रव्यसाहाय्य' हे शब्द कोणती मुलगी मोबाइलवर लिहील? ती 'शिष्यवृत्ती' लिहील, किंवा सरळ 'स्कॉलरशिप'. आम्ही आयुष्यभर मुलांना शुद्ध भाषा शिकविली, त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु दारावरची पाटी येणाऱ्याच्या भाषेत असावी, हे आम्ही उतारवयात शिकलो.

शाळेत असतानाचा एक अनुभव येथे आठवतो. वाचनालयाचे कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलुपात असे. मुले वाचत नाहीत, अशी तक्रार दरवर्षी होई. एका वर्षी आम्ही कपाट ओसरीवर आणविले, पुस्तकांची यादी दारावर लावली आणि दर शनिवारी एका पुस्तकातील गोष्ट अर्धीच सांगू लागलो. दिवाळीपर्यंत कपाट रिकामे झाले. मुले तीच, पुस्तके तीच. बदल झाला तो आमच्यात.

तेच आपण संकेतस्थळाबाबत केले. सूचना अक्षरी लिहिल्या. प्रत्येक पानास त्याचे स्वतःचे नाव दिले. पूर्वी सर्वांवर 'मुखपृष्ठ' एवढेच होते. पाने मोबाइलवर नीट उमटतील, अशी केली, कारण बहुतेक घरांत संगणक नसून मोबाइलच आहे. तरुणतरुणींनी सुट्टीत जुन्या स्मरणिका युनिकोडमध्ये उतरविल्या. व्हॉट्सअॅपच्या गटावर सबंध मजकूर टाकण्याऐवजी दोन ओळी व दुवा देण्याची शिस्त लावली. गटावरचा मजकूर उद्याच्या 'सुप्रभात' संदेशांखाली गाडला जातो. पान मात्र जागेवर राहते.

मध्यंतरी एक गृहस्थ आले. अमुक रक्कम द्या, महिन्यात लाखभर भेटी दाखवितो, म्हणाले. काही सभासदांस मोह पडला. आम्ही विचारले, "हे लाख लोक कोण?" उत्तर समाधानकारक मिळाले नाही. विकत घेतलेले दुवे गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत, आणि २०१२ पासून अशा युक्त्या करणाऱ्या स्थळांस ते अधिक कडकपणे मागे ढकलते. भाड्याची वऱ्हाडी मंडळी आणून मांडव भरतो; लग्न काही जुळत नाही.

दुसरा मोह याहून घातक आहे. आपल्या स्थळावर सर्वांत अधिक गर्दी वधूवर सूचीवर होते. ती सर्वांस खुली करा, म्हणजे भेटी वाढतील, अशी सूचना आली होती. बंधूंनो, लेकीबाळींचे फोन क्रमांक, जन्मतारखा आणि छायाचित्रे चव्हाट्यावर मांडून मिळणारे पाहुणे आपणांस नकोत. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा देशात २०२३ साली संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी आपली रीत हीच असावयास हवी. ती सूची सभासदांपुरती, परवलीच्या शब्दामागेच राहील.

फळ काय मिळाले, असे आपण विचाराल. गर्दी लोटली, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बडोद्याहून एका कुटुंबाचे पत्र आले. आपल्या मूळ गावाचे नाव शोधताना त्यांना जुन्या स्मरणिकेत आजोबांच्या देणगीची नोंद सापडली. ते आता सभासद आहेत. आणि यंदा शिष्यवृत्तीचे अर्ज अशाही घरांतून आले, जी आपल्या कोणत्याच गटावर नाहीत. त्या मुलीनेही पुढल्या वर्षी अर्ज केला व तिला साहाय्य मिळाले. गेलेले वर्ष मात्र आम्ही तिला परत देऊ शकलो नाही.

म्हणून शेवटी एकच मागणे. 'मायबोली'सारखे मराठी स्थळ १९९६ पासून नांदते आहे, ते वाचणारेच तेथे लिहितात म्हणून. आपणही प्रत्येक घराने वर्षातून एक पान द्यावे. आजीच्या हातचा पदार्थ, गावच्या जत्रेची हकीकत, वडिलांच्या धंद्यातील खाचाखोचा, परीक्षेत यश मिळविलेल्या मुलाने केलेली तयारी, काहीही चालेल. मात्र ते खरे आणि स्वतःचे असावे. घरात जेवण शिजत असले आणि दार उघडे असले, तर पाहुण्यास आवताण फार द्यावे लागत नाही. चूल पेटती ठेवणे आपणा सर्वांचे काम आहे. दाराची कडी काढून ठेवण्याचे काम, हातपाय चालतात तोवर, आम्ही करू.