वकिलांकडे जाण्यापूर्वी
(भाषणाचा मजकूर)



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु हक्कावर गदा आली असता ती पायरी चढावीच लागते. अशा वेळी खेड्यातील माणूस वकिलांच्या आधी शिक्षकाकडे, पंचायत सदस्याकडे किंवा ओळखीच्या शासकीय कर्मचाऱ्याकडे सल्ल्यासाठी येतो. म्हणून पूर्वतयारीची माहिती आपणास असणे अगत्याचे आहे.

समजा, पतीच्या निधनानंतर दिराने सातबाऱ्यावर केवळ स्वतःचे नाव लावून घेतले, अशी तक्रार घेऊन एखादी भगिनी आली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी ही पतीच्या प्रथम वर्गातील वारस असते. सातबाऱ्यावरील नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही. तेव्हा केवळ नोंदीने तिचा हक्क बुडत नाही. तथापि, विलंबाने तो धोक्यात येऊ शकतो. फेरफाराच्या आदेशाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करावयाचे असते. कायद्याच्या मार्गाने न जाता जमिनीचा ताबा हिसकावून घेतला असेल, तर केवळ पूर्वीच्या ताब्याच्या आधारे तो परत मागण्याचा दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. विलंबास सबळ कारण असल्यास अपिलात ते मांडता येते. पण त्यासाठीही तारखा हाताशी हव्यात.

म्हणून पहिले काम टिपणाचे. एका कागदावर घटना तारखेनुसार लिहाव्यात: मृत्यू केव्हा झाला, नोटीस मिळाली काय, नोंदीची माहिती प्रथम कधी कळली. दुसरे काम कागदपत्रांचे. सातबारा, आठ-अ, फेरफाराचा उतारा, मृत्यूचा दाखला आणि आलेली पत्रे क्रमाने लावावीत. नोटिशीचा लिफाफाही जपून ठेवावा. टपालाच्या शिक्क्यावरून तारीख कळते. मूळ कागद वकिलांस दाखवावेत, मात्र स्वाधीन करावे लागल्यास पोच घ्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या विरुद्ध जाणारी बाबही लपवू नये. पूर्वी एखाद्या हक्कसोडपत्रावर अंगठा दिला असेल, तर ते वकिलांना प्रथमच सांगावे. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींच्या गुप्ततेला कायद्याचे संरक्षण आहे. प्रतिपक्षाकडून ती गोष्ट न्यायालयात अचानक पुढे आली, तर बचाव कठीण होतो. फी किती, इतर खर्च किती, हे आरंभीच विचारावे. वकीलपत्र वाचून किंवा वाचवून घेऊनच सही करावी. कोऱ्या कागदावर कधीही करू नये.

‘वकील करण्याइतका पैसा कोठून आणू?’ हा प्रश्न ती भगिनी विचारीलच. त्याचे उत्तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळू शकते. इतरांसाठी उत्पन्नमर्यादा असते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

निकाल न्यायालय देईल, युक्तिवाद वकील करतील. आपण एवढेच पाहावे, की त्या भगिनीचे टिपण आजच लिहून होईल आणि मुदत टळण्यापूर्वी ती योग्य दारी पोहोचेल.