मीटर रूममधली पेटी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'जुन्या छंदाकडे परत' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. मलाच का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बी विंगच्या मीटर रूममध्ये निळी ताडपत्री पांघरून एक पेटी सात वर्षं उभी होती. दर वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' आले की तिचा विषय निघायचाच. ती पेटी माझी.

मी शाळेत असताना, १९९४-९५ च्या सुमारास, सीबीएसजवळच्या एका गल्लीत व्हिडिओ गेम पार्लर होतं. रुपयाला एक डाव. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' तिथे होता, पण हे नाव आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. त्यातला पिवळ्या टोपीचा गडी मुस्तफा, म्हणून अख्खा गेमच 'मुस्तफा'. नाशिकच काय, मुंबई-पुण्याची पोरंही तेच म्हणायची. खिशात रुपया नसला की दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायचं. माझं बहुतेक शिक्षण खांद्यावरूनच झालं.

२०१६ च्या दिवाळीच्या सुट्टीत मुलाला म्हटलं, असलं मशीन आपण घरीच करू. तो बारा वर्षांचा. लागतं काय? २०१२ साली ब्रिटनमध्ये निघालेला रास्पबेरी पाय हा एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर, एक जुना मॉनिटर, दांडी म्हणजे जॉयस्टिक, बटणं आणि १८ मिलिमीटरचं प्लायवूड. बटणं लॅमिंग्टन रोडवरून आणली. त्यांच्यासाठी फळीला ३० मिलिमीटरची भोकं पाडायची होती. पोराने एक भोक दोन बोटं बाजूला पाडलं. नवी कोरी, सनमायका लावलेली फळी! मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, बोलू नये ते बोललो. त्याने ड्रिल खाली ठेवलं, आत गेला, आणि पुन्हा पेटीला हात लावला नाही. मग मीही लावला नाही. पुढे त्याची दहावी, त्यापाठोपाठ कोरोना, मग तो पुण्याला इंजिनिअरिंगला.

यंदा या कार्यक्रमाच्या साफसफाईत सेक्रेटरींचा निरोप आला : रविवारपर्यंत उचला, नाहीतर भंगारवाला उचलेल. रविवारी ताडपत्री काढली. तळाची फळी ओलीने फुगून पापडासारखी सुटलेली. मॉनिटर लागला, पण सहापैकी चौथ्यापासून पुढची सगळी बटणं मेलेली. मी कॉम्प्युटरवर संशय घेतला, नवं मेमरी कार्ड आणलं, दोन रात्री घालवल्या. दोष भलतीकडेच होता. प्रत्येक बटणाला दोन वायरी. एक स्वतंत्र कॉम्प्युटरकडे जाते, दुसरी सगळ्यांची सामायिक, एका बटणावरून पुढच्यावर जाणारी. चौथ्यावर तिची थिंबल निसटली होती, म्हणून पुढे सगळा अंधार.

मग 'पॅक-मॅन' लावला. हा १९८० चा, नामको कंपनीच्या तोरू इवातानींचा. त्याला बटण लागतच नाही, नुसती दांडी. आमचा पॅक-मॅन मात्र वळणावर अडखळायचा आणि सरळ भुतांच्या तोंडी जायचा. २०१६ मध्येही हेच व्हायचं, तेव्हा मी दुकानदाराला दोष दिला होता. या वेळी दांडी उलटी करून पाहिली. खाली चार मायक्रोस्विच असतात, चार दिशांचे चार. दांडी तिरकी गेली की दोन एकदम दाबले जातात. मुस्तफाला ते हवंच, तो रस्त्यावर तिरका चालतो. पॅक-मॅनच्या बोळांत तिरकी वाटच नाही, त्यामुळे वळण चुकतं. माझ्या दांडीखाली चौकोनी खाचेची एक प्लॅस्टिकची पट्टी आहे. स्क्रू काढून ती ४५ अंशांत फिरवली, खाचेचे कोपरे वर-खाली, डावी-उजवीकडे आले आणि दांडीचं तिरकं जाणं बंद झालं. दहा मिनिटांचं काम! मुस्तफा खेळायचा तर पट्टी पुन्हा पहिल्यासारखी.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर मुलाला दाखवलं. त्याने आधी भोकाचंच विचारलं. "आहे का अजून?" म्हटलं, आहे. तर म्हणतो, "बाबा, आखणी तुमची होती."

मी वाद घातला. फोन ठेवल्यावर पेटीच्या तळाशी गुंडाळून ठेवलेला कागदी साचा उलगडला. त्यावर पेन्सिलीची फुली होती, बरोबर दोन बोटं बाजूला, आणि शेजारी माप, माझ्याच अक्षरात. पोराने फुलीवर भोक पाडलं होतं.

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. व्हॉट्सॲपवर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. आज तो शेवटच्या रांगेत बसलाय, म्हणून इथेच सांगतो : चूक माझी होती रे.

भोक बुजवलेलं नाही. पेटी आता तळमजल्याच्या हॉलमध्ये आहे, मीटर रूममध्ये नाही, याची कमिटीने नोंद घ्यावी. वेळ संध्याकाळी पाच ते साडेआठ, रुपया लागणार नाही. आवाज मोठा करू नका, पहिल्या मजल्यावरच्या आजी लवकर झोपतात. आणि तळाची फळी बदलायची राहिली आहे, तेव्हा फर्निचर करताना कोणाकडे १८ मिलिमीटरचा तुकडा उरला असेल तर तो टाकून देऊ नका.