पडकें घर आणि गहाणखत
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा-पंचगंगेच्या पुरानें शिरोळ, करवीर, मिरज, पलूस या तालुक्यांचे काय हाल केले तें तुम्हांस सांगावयास नको. पाणी ओसरल्यावर मातीच्या भिंती बसल्या. त्या भिंतींवर ज्यांनीं कर्ज दिलें होतें त्यांचे कागद मात्र कपाटांत कोरडे होते.

त्या दिवसांत एक कुंभार गृहस्थ आमच्याकडे कागद वाचून घेण्यास आले. म्हणाले, "गुरुजी, भित्ती गेल्या, आढं वाकलं. आता त्या घराचं हप्तं कशापाय भरायचं? कुलूप घालतो आन् किल्ली संस्थेच्या दारात टाकून पोराबाळांस्नी घेऊन इचलकरंजीला जातो. पडकं घर घ्या म्हनावं, फिटलं आमचं-तुमचं." शहरांतल्या पुतण्यानें त्यांस सांगितलें होतें कीं, अमेरिकेंत लोक असेंच करतात. म्हातारी आई मात्र रडत होती. ऋण बुडविलें तर पुढल्या जन्मीं सावकाराच्या दारचा बैल व्हावें लागतें, हें तिनें कीर्तनांत ऐकलें होतें.

पुतण्या अगदींच खोटें बोलत नव्हता. २००८ च्या सुमारास अमेरिकेंत घरांच्या किंमती कोसळल्या तेव्हां पुष्कळांनीं गहाण घरें सोडून दिलीं. तेथें कॅलिफोर्निया संस्थानांत असा कायदा आहे कीं, राहतें घर विकत घेण्यासाठीं काढलेलें कर्ज थकल्यास धनकोनें घर विकून येईल तेवढ्यावर समाधान मानावें, बाकीसाठीं ऋणकोच्या मागें लागूं नये. परंतु परक्या मुलखाचा कायदा आपल्या गहाणखतास लागू होत नाहीं.

आपल्याकडे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा चालतो. साध्या गहाणांत ऋणको स्वतः पैसे फेडण्यास बांधला जातो. घर हें केवळ वरचें तारण. घर विकून भागलें नाहीं तर बाकी त्याच्या डोक्यावर राहते. त्याच कायद्याचें ६८ वें कलम तर असें आहे कीं, कोणाचाहि दोष नसतां तारणाची मालमत्ता नष्ट झाली किंवा अपुरी पडली, तर धनकोनें आणखी तारण मागावें व तें न मिळाल्यास पैशासाठीं दावा करावा. म्हणजे पुरानें भिंत पाडली तर कर्ज एका रुपयानेंहि उतरत नाहीं, उलट धनकोस दाव्याला एक निमित्त मिळतें! बँकांसाठीं २००२ सालीं झालेल्या कायद्यांतहि साठ दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव, आणि तरीहि उरलेली बाकी मागण्याचा हक्क, असाच क्रम आहे. ताबेगहाणाची गोष्ट वेगळी. तेथें ताबा व उत्पन्न धनकोकडे असतें. ऋणकोनें स्वतः फेडण्याचा करार सहसा नसतो, आणि उत्पन्नांतून जरूर ती दुरुस्तीहि धनकोनेंच करावयाची असते. म्हणून आपला कागद कोणत्या जातीचा आहे हें आधीं पाहावें लागतें. माणसाची जात विचारणारे गांवांत पुष्कळ, कागदाची विचारणारा एकहि नाहीं.

कुंभारांचा कागद साध्या गहाणाचा होता, एका पतसंस्थेचा. शेवटच्या पानावर जामीनदाराची सही होती. ती पाहून आम्हीं विचारलें, "हे कोण?" म्हणाले, "धाकटा मेव्हणा." मग दोघेहि गप्प बसलों. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. सहकारी संस्थेस कलम १०१ खालीं वसुलीचा दाखला मिळाला म्हणजे वसुली अधिकारी ज्याच्याकडे कांहीं आहे त्याच्या दारीं आधीं जातो. किल्ली फेकून कुंभार इचलकरंजीस गेले असते, आणि नोटीस बहिणीच्या घरीं पोंचली असती.

आईच्या रडण्याचें उत्तरहि दिलें पाहिजे. बापाचें ऋण फेडणें हा पुत्राचा धर्म, हा शास्त्राचा नियम कोर्टेंहि मानीत असत. २००५ सालीं हिंदु वारसा कायद्यांत दुरुस्ती झाली. त्यानंतरच्या कर्जासाठीं केवळ या धर्माच्या आधारें मुलावर किंवा नातवावर वसुली चालत नाहीं. बापाकडून आलेल्या मिळकतीपुरती जबाबदारी राहते, तेवढीच. २०१६ च्या दिवाळखोरीच्या कायद्याखालीं मोठमोठ्या कंपन्यांचीं कर्जें तडजोडीनें निम्म्याहूनहि खालीं सोडलेलीं आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलीं आहेत. त्यांच्या मालकांस बैलाच्या जन्माची भीति कोणी घातल्याचें ऐकिवांत नाहीं.

घर सोडूं नका, असें आम्हीं कुंभारांस सांगितलें नाहीं. दर पावसाळ्यांत जें बुडणार, त्यावर दुसरें कर्ज काढून भिंती उभारणें हा वेडेपणा झाला असता. परंतु रात्रीं कुलूप लावून जाणें निराळें आणि दिवसाढवळ्या हिशेब करून जाणें निराळें. तलाठ्याच्या पंचनाम्याची नक्कल घेतली, संस्थेकडे लेखी अर्ज करून खात्याचा उतारा मागितला. बाकी दोन लाख चाळीस हजार निघाली. संस्थेच्या लेखी संमतीनें जागा विकली, तिचे एक लाख नव्वद हजार आले. राहिलेल्या पन्नासांतून वीस हजारांचें व्याज चेअरमननीं तीन हेलपाट्यांनंतर सोडलें. तीस हजारांचे हप्ते कुंभारांनीं इचलकरंजीहून दोन वर्षांत फेडले. मग गहाण फिटल्याचा दस्त झाला, बेबाकीचा दाखला आला, मेव्हण्याची सही मोकळी झाली. चाक त्यांनीं पहिल्याच दिवशीं गाडींत घातलें होतें. कारागिराचीं हत्यारें दिवाणी कोर्टाच्या जप्तींतून वगळलेलीं आहेत, हें त्यांस ठाऊक नव्हतें. तें चाक कोणी नेईल या भीतीनें त्यांनीं तें पोत्यांत गुंडाळून नेलें.

१८७५ च्या मे महिन्यांत सुप्याच्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. त्यांवर काय लिहिलें आहे तें त्यांस वाचतां येत नव्हतें. त्यानंतर १८७९ चा कायदा झाला आणि खताच्या मागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टास मिळाला. आज आपल्यांतील पुष्कळांस वाचतां येतें, तरी सही करतेवेळीं शेवटचें पान कोणी उलटीत नाहीं.

२०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हां आलें. तेव्हांपासून पडक्या घरांचे कागद घेऊन येणारांची ये-जा थांबलेली नाहीं. ज्यांस वाचून घ्यावयाचे असतील त्यांनीं रविवारीं सकाळीं शाळेच्या ओसरीवर यावें. बिनपरवाना सावकारानें जमीन किंवा घर लिहून घेतलें असेल तर तेंहि सांगावें. २०१४ च्या सावकारी कायद्याखालीं सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करतां येतो, आणि त्याचा मसुदा आम्ही लिहून देऊं. येतांना जामीनदारास बरोबर आणावें.