सेकंदाला पन्नास चित्रं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, ते मी रोज ऑफिसात ऐकते, आणि तुम्ही रोज व्हॉट्सॲपवर वाचता. मला पंधरा मिनिटं देणार असाल तर मी व्हिडिओ गेमवर बोलते. पलीकडे जरा शांतता पसरली. मग विचारलं गेलं, "म्हणजे मुलांनी खेळू नयेत, असं का?" तर नाही. मी स्वतः खेळते, त्याबद्दल बोलणार आहे. सर, आता वर्गाबाहेर उभं करता येणार नाही.

माझ्या हातात हे जे आहे त्याचं नाव मियू मिनी. मागच्या रांगेला दिसणार नाही, कारण ते पत्त्यांच्या कॅटाएवढंच आहे. पडदा २.८ इंचांचा. यात कॅसेट घालायची सोय नाही, टीव्हीला वायर जोडायची गरज नाही. बटण दाबलं की मारिओ, काँट्रा, बॅटल सिटीचे रणगाडे, बॉम्बरमॅन, सगळे हजर. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांकडे फिरवते. चाळिशीचा चष्मा बरोबर ठेवा.

आपल्या लहानपणी याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणत. मूळ यंत्र जपानचं. निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे फॅमिकॉम, बाजारात आणला. आपल्या घरांत आली ती बहुतेक त्याची नक्कल. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असे, आणि तिसाव्या खेळानंतर पहिलाच खेळ नाव बदलून परत येई. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. फुंकरीनं काही होत नव्हतं. काढून परत घातल्यानं आतले संपर्क नीट बसायचे, एवढंच. पण फुंकर न मारता घातलेली कॅसेट आपल्यापैकी कुणीही पाहिलेली नाही.

गावात तासाला पाच रुपये घेऊन खेळू देणारं एक दुकान होतं, ते मुलग्यांना आठवत असेल. मुलींनी तिथं जायचं नसे. कुणी पाटी लावली नव्हती, पण नसे. त्यामुळे आम्ही घरी खेळायचो, आणि घरी पहिला रिमोट दादाचा. मारिओमध्ये दोघांची पाळी आळीपाळीनं येते. दादाचा मारिओ मरेपर्यंत आपण बघत बसायचं. माझा दादा चांगला खेळायचा, हे माझं दुर्दैव. मी इंजिनियर झाले, परदेशातल्या लोकांबरोबर कामं केली, पण पहिल्या खेळाडूच्या जागी निवांत बसून मारिओ खेळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. इथल्या बऱ्याच मैत्रिणी मान हलवत आहेत, म्हणजे घरोघरी तेच होतं.

आता थोडं माझ्या विषयाचं. फॅमिकॉमचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोक्यांनी चालायचा. कामाची मेमरी २ किलोबाइट. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५ सालचा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसतो. ग्रुपवर रोज येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो त्याहून मोठा असतो. जागा वाचवायला काय काय केलंय पाहा : मारिओतले ढग आणि खालची झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. हे कळल्यावर मी अर्धा तास नुसते ढग बघत होते.

तो प्रोसेसर ६५०२ नावाच्या चिपच्या घराण्यातला. आणि आपल्या संगणक कक्षात, जिथं चपला बाहेर काढून जावं लागे आणि ज्यांच्यावरचं कापड शिपाईमामांशिवाय कुणी उचलायचं नाही, ते बीबीसी मायक्रो संगणकही ६५०२ वरच चालायचे. केंद्र सरकारनं १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात हे संगणक देशभरच्या शाळांत गेले. म्हणजे आपण घरी ज्याच्यासाठी ओरडा खायचो आणि शाळेत ज्याच्यासाठी मार्क मिळवायचो, ते आतून चुलत भाऊ होते.

मग या कॅटाएवढ्या यंत्रात ती चिप आहे का? नाही. यात एम्युलेटर नावाचा प्रोग्राम आहे. आपल्या भाषेत याला सोंग म्हणावं. दशावतारातला नट रात्रभर राजा होतो, तसा हा प्रोग्राम जुनी चिप होतो. खेळातली एकेक सूचना वाचतो आणि जुन्या चिपनं जे केलं असतं तेच करतो, तेवढ्याच ठोक्यांत. चांगलं सोंग उणिवांसकट वठवावं लागतं. त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रं दाखवता येत नसत, म्हणून गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे. आजच्या एम्युलेटरमध्ये ती लुकलुक मुद्दाम ठेवलेली असते. बंद करायची सोय आहे. मी बंद करत नाही.

हे यंत्र घेतल्यावर पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट खटकली. मारिओचं संगीत घाईत वाजत होतं. सूर तेच, पण चाल पळती. मला वाटलं, वयाचा परिणाम. मग कामाच्या सवयीनं शोध घेतला. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचे. आपल्याकडची पद्धत पाल, तिच्यात ५०. या खेळांचं संगीत आणि हालचाल चित्रांच्या तालावर चालते. त्यामुळे आपल्या टीव्हीवर तोच खेळ साधारण एक षष्ठांश हळू चालायचा. एम्युलेटर मला जपानी मुलांचं बालपण दाखवत होता, माझं नाही.

सेटिंगमध्ये यावर उपाय आहे. तिथं तीन पर्याय दिसतात : जपान-अमेरिकेचा, युरोपचा, आणि तिसरा 'डेंडी'. डेंडी हे रशियात १९९२ साली विकायला आलेलं फॅमिकॉमचं नकली यंत्र, आपल्याकडच्यासारखंच. मी तो पर्याय निवडला, आणि संगीत चालीवर आलं. आमच्या जुन्या घरातला टीव्ही, त्यावरचं क्रोशाचं कापड, सगळं आठवलं. पण जरा वेळानं वेगळंच मनात आलं. रशियातल्या नकली यंत्राचं नाव त्या यादीत आहे. कुणीतरी ते यंत्र उघडलं, त्याचे ठोके मोजले, लिहून ठेवले. आपल्या घरातल्या यंत्राचं नाव तिथं नाही. मी माझं बालपण रशियन नावाखाली शोधते आहे.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच. मूळ खेळ जपायला जग समर्थ आहे. आपल्याकडे तो जसा होता, तसा मात्र आपणच जपला तर राहील.

सगळंच परत येतं असं नाही. डक हंटची बंदूक आठवते? घोडा ओढला की टीव्ही क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि तो उजेड बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला दिसला तर नेम बरोबर. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं. सपाट टीव्हीला चित्र दाखवायला किंचित उशीर होतो, म्हणून ती बंदूक आज आंधळी आहे. उलट, काही गोष्टी तेव्हापेक्षा बऱ्या आहेत. तेव्हा सातव्या टप्प्यावर लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. आता कुठल्याही क्षणी खेळ जसाच्या तसा साठवून झोपायला जाता येतं. काँट्रात ३० जीव देणारी ती बटणांची युक्ती, वर-वर-खाली-खाली, ती तर कझुहिसा हाशिमोटो यांनी आधी ग्रेडियस या खेळासाठी केली होती. खेळ तपासताना तो इतका अवघड की त्यांना स्वतःलाच पुढे जाता येईना. ते २०२० साली गेले. त्यांची युक्ती अजून हजारो अंगठ्यांना पाठ आहे.

इथं वकील मित्र बसलेत, म्हणून कायद्याचंही बोलते. एम्युलेटर लिहिणं हा गुन्हा नाही. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं २००० साली तसा निकाल दिला. खेळांचे हक्क मात्र आजही कंपन्यांकडे आहेत, आणि स्वस्त यंत्रांबरोबर हजारो खेळ भरलेलं जे कार्ड मिळतं ते परवानगीचं नसतं. जे खेळ कंपन्या आज विकतात, ते विकत घ्यावेत. पण व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ साली केलेल्या अभ्यासात, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत, असं दिसलं. ते जिवंत आहेत ते कुणीतरी घरी बसून उतरवून ठेवले म्हणून.

आता शाळेकडे येते. शाळा नव्या इमारतीत जाणार आहे, हे कालच मुख्याध्यापकांनी सांगितलं. काल दुपारी मी जुना संगणक कक्ष बघून आले. संगणक गेलेत. पण कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात फ्लॉपींचे तीन डबे आहेत, सव्वापाच इंची. सुट्टीत ते कपाट रद्दीत जाईल. आपल्या आणि पुढच्यामागच्या तुकड्यांचे प्रोग्राम त्यात आहेत.

एका फ्लॉपीच्या लेबलवर निळ्या शाईत लिहिलंय, 'गणपती, नववी अ'. अक्षर कुणाचं ते मी नाव न घेता तुम्हाला कळेल. ती आज आपल्यात नाही. गणिताच्या बाईंकडून आलेखाचा कागद घेऊन तिनं गणपती काढला, मी आकडे मोठ्यानं वाचले आणि तिनं टाइप केले. मूव्ह, ड्रॉ, मूव्ह, ड्रॉ. एका संगणकावर दोघी, पण तिथं पहिला-दुसरा खेळाडू नव्हता. गणेशोत्सवात तो पडद्यावर एकेक रेघ करत उमटायचा आणि आख्खा वर्ग दारात उभा असायचा.

त्या चित्राचा फोटो असता तरी मला पुरला नसता. प्रोग्राम चालवला तर तिनं कुठली रेघ आधी काढली ते दिसेल. सोंडेपासून सुरुवात केली होती की मुकुटापासून, मला आठवत नाही. फ्लॉपीला माहीत आहे. आणि तो बीबीसी मायक्रोच्या मूळ वेगानंच चालवायचा, कारण आजच्या वेगानं गणपती डोळ्याचं पातं लवेपर्यंत पूर्ण होईल, आणि आपल्याला रेघ दिसणार नाही.

हे काम अवघड नाही. जुना फ्लॉपी ड्राइव्ह आणि ग्रीसविझल नावाचं एक छोटं सर्किट लागतं, ते चुंबकीय खुणा थेट वाचून संगणकात उतरवतं. बीबीसी मायक्रोचे एम्युलेटर फुकट मिळतात. घाई एवढ्यासाठी आहे की चुंबकीय खुणा विरत जातात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात फ्लॉपीवर बुरशी धरते. काही डब्यांवर ती धरलेली मी काल पाहिली. सगळ्या वाचतील असं वचन मी देत नाही.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की ते तीन डबे रद्दीत न देता आम्हाला द्यावेत. दोन महिन्यांत उतरवून परत आणून देते. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुना व्हिडिओ गेम पडला असेल, चालू असो वा बंद, तोही मला द्या. मी तो उघडीन, ठोके मोजीन आणि लिहून ठेवीन. पुढं कधी त्या यादीत चौथा पर्याय आलाच, तर त्याला काय नाव द्यायचं ते आपण सगळे मिळून ठरवू. नोंदणीच्या टेबलावर मी वही ठेवली आहे. जेवायला जाताना नाव आणि फोन लिहून जा.

आणि हो, काँट्रा दोघांचा खेळ आहे. ज्याला माझ्याबरोबर खेळायचंय त्यानं दुपारी यावं. पहिला रिमोट माझा.